शिवेबाहेरचं ऑपरेशन

डॉक्टरांनी कागदावर आधी एक बटाटा काढला. तो बटाटा म्हणजे आमच्या भावोजींचं यकृत. बटाट्याच्या उजव्या अंगाला एक गोल काढला आणि त्या गोलावरून पेन पुन्हा पुन्हा फिरवलं.

"ही गाठ. आणि हे तिच्याभोवतीचं आवरण. गाठ अजून आवरणाच्या आत आहे. त्यातल्या त्यात चांगली बातमी."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात 'त्यातल्या त्यात' एवढं एकच फुकट मिळतं. आम्ही ते घेतलं.

भावोजी म्हणजे केसरीनाथ, माझ्या थोरल्या बहिणीचा, कमळाताईचा नवरा. राहणार अंजूर. सात-बारावर खाडीकाठचे शेतकरी, आणि बाकी सगळीकडे गोदामांच्या जागांचे दलाल. मी भिवंडीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे दोन्ही घरांत कुणाला काहीही झालं की रिपोर्ट वाचायला मला नेतात. हिमोग्लोबिन आणि चलनवाढ, दोन्हींत टक्के येतात, एवढ्या भांडवलावर माझं बरं चाललं होतं.

"मंग तो पसरतो कसा?" भावोजींनी विचारलं. कॅन्सर हा शब्द त्यांनी त्या खोलीत उच्चारला नाही. 'तो' म्हणत होते. बायका पूर्वी नवऱ्याला म्हणायच्या तसं, आदर सोडून.

डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. सरकारी पगारात ती फार दिवस टिकत नाही, म्हणून मी वही काढल्यासारखा चेहरा केला.

"पेशींच्या मधे तंतूंचं एक जाळं असतं. कुंपण म्हणा. त्यामुळे जी ती पेशी आपल्या जागी राहते. गाठीतल्या पेशींना ते कुंपण असंच ओलांडता येत नाही. मग त्या एक एन्झाईम सोडतात. शेजारच्या चांगल्या पेशींनाही सोडायला लावतात. ते एन्झाईम कुंपणाचे तंतू कापतं. वाट झाली की गाठीतल्या पेशी रक्तवाहिनीत शिरतात. मग फुप्फुस, हाड, कुठेही."

"आनि ह्यो एन्झाईम सोता कुठं जातो?"

"ते कुठेच जात नाही. ते फक्त कापतं."

भावोजी खुर्चीत मागे टेकले. "म्हंजी दलाल," ते म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्याकडे पाहिलं.

"न्हाय, मना समाजला. दलाल सोता जागा घेत न्हाय. मधला येक तुकरा सोरवतो, त्याचा बांध फोरतो, मुरूम टाकतो. बाजूवाल्याचे शेतान पानी जात न्हाय. तो आपसूक ईकतो. मंग दलाल पुरचे बांधावर."

"चांगल्या शरीरातही हे एन्झाईम असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांना ही उपमा आवडली असावी, किंवा मागे रांग मोठी असावी. "जखम झाली की दुरुस्तीला लागतं. काम झालं की त्याला थांबवणारं दुसरं प्रथिन असतं."

"आमचेकरं ता दुसरा प्रथिन कोन न्हाय," भावोजी म्हणाले.

शिकलेल्या माणसाचं कर्तव्य म्हणून मी विचारलं, की मग ते एन्झाईमच बंद करायचं औषध नाही का. परदेशात करून पाहिलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरसकट बंद केलं तर माणसाचे सांधे धरतात आणि गाठ आपली वाढतच राहते. तेव्हा अजून तरी कापून काढणं हेच खरं. सुईनं काढलेल्या तुकड्यात त्या एन्झाईमचं प्रमाण किती, हे त्यांच्या विभागात मोजत होते. कुणाची गाठ कुंपण तोडणार हे आधी कळतं का, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. भावोजींनी संमतीची सही केली. खरेदीखताच्या सवयीनं त्यांनी प्रत्येक पानावर केली.

ऑपरेशनची तारीख जूनमधली मिळाली. भावोजींच्या मुलीचं, दिपालीचं लग्न मे महिन्याच्या अखेरीला होतं. सगळं कसं सोयीचं बसलं. दोन हजार सहा सालात आमच्या घरात सोयीची बसलेली ही शेवटची गोष्ट.

आता ठकुबाईचं सांगायला हवं. ठकुबाई ही भावोजींची चुलती. वय नव्वदीच्या पुढे. दोन वर्षं ती अंथरुणावर होती आणि महिन्या-दोन महिन्यांनी जायला निघायची. पोरं-नातवंडं गोळा व्हायची, तोंडात पाणी घालायची, की ती डोळे उघडून जेवायला काय केलंय विचारायची. मेच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा निघाली, आणि या वेळी तिनं जेवणाचं विचारलं नाही. घर हादरलं. ती गेली तर सुतक, सुतक लागलं तर लग्न पुढे, आणि पुढे म्हणजे दिवाळीनंतर.

यावर उपाय भावोजींच्या विधवा बहिणीनं, बायजाबाईनं काढला. तिला घरादारात सगळे आत्या म्हणतात, मीसुद्धा. देवक बसलं की घरात सुतक शिरत नाही, हे शास्त्र. देवक लग्नाच्या आदल्या दिवशी बसवतात, ही नुसती रीत. शास्त्र आणि रीत यांतलं शास्त्र कधी पाळायचं आणि रीत कधी, हे आत्याला बरोबर कळतं. तिनं लग्नाच्या तीन आठवडे आधीच देवक बसवलं. भावोजी आणि कमळाताई पाटावर बसले, आंब्याचा डहाळा आला, कुऱ्हाड आली, हळद-कुंकू झालं. ठकुबाईला आता मरायची मोकळीक होती.

तिनं दुसऱ्या दिवशी बोंबलाची चटणी मागितली.

फोन आला तो त्यानंतरच्या सोमवारी, आणि माझ्या मोबाईलवर आला, कारण हॉस्पिटलच्या कागदावर नंबर माझा. तुकड्याचा रिपोर्ट आला होता. एन्झाईम अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त होतं. त्यावरून खात्रीनं काही म्हणता येत नाही, डॉक्टर म्हणाले, पण आवरण फार दिवस धरेल असं त्यांना वाटत नव्हतं. या गुरुवारी एक रुग्ण गळाला होता. कसा गळाला ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गुरुवारी आले तर कापता येईल. पेशी एकदा बाहेर गेल्या की कापायला काही उरत नाही.

मी रिक्षा केली आणि अंजूरला गेलो. ओटीवर सगळे होते. मी सांगितलं. मग आत्या म्हणाली, "जाचा कसा? देवक बसलाय."

हे माझ्या लक्षातच नव्हतं. देवकाला बसलेल्या जोडप्यानं देवक उठेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. एरवी प्रश्न एका दिवसाचा असतो, तेवढा वेळ कुणाला शीव ओलांडायची आठवणही होत नाही. तीन आठवड्यांच्या देवकाचा अनुभव पंचक्रोशीत कुणालाच नव्हता.

"आत्या, त्यांच्या पोटातला आजार शीव ओलांडायला निघालाय," मी म्हणालो.

"त्याचा देवक बसवलेला न्हाय."

"मग देवक उठवा. लग्नाच्या आदल्या दिवशी परत बसवा."

"आनि मधी ही गेली मंजे?" आत्यानं आतल्या खोलीकडे मान केली. आतून ठकुबाईच्या पानाच्या खलबत्त्याचा आवाज येत होता. "आनि उठवलेला देवक परत बसवतान? तुमचे कालेजान बसवीत असतील."

दिपाली दारात उभी होती. "लग्न राहू दे ना," ती म्हणाली. "मला काही घाई नाही." तिला घाई होती हे तिच्या हातातल्या फोनवरून सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तिचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही.

मी शेवटचा मुद्दा काढला. माझ्या मते तो बिनतोड होता. "शीव आहे कुठे? शेजारच्या वळ गावाच्या वाटेवर शिवेचा दगड होता, तिथे आता गोदामं आहेत. दगड नाही, शेत नाही, बांध नाही. कुठली शीव ओलांडणार ते?"

ओटीवरचे सगळे भावोजींकडे बघायचं टाळू लागले, कारण ती जमीन कुणी विकून दिली हे सगळ्यांना ठाऊक होतं. भावोजी भिंतीला टेकून बसले होते. मेच्या उकाड्यात त्यांच्या अंगावर शाल होती.

"मास्तर," ते म्हणाले. दोन डिग्र्या घेऊनही त्या घरात मी मास्तरच. "मी सगल्यांचे बांध फोरले. शिवेवरचा दगर बी माझेच जेसीबीन काराला. तवा कोन काय बोल्ला न्हाय, मी पन न्हाय. आता माझे पोरीचे लग्नान येक शीव तरी राखू दे. उद्या तिचे घरान काय वाकरा झाला त मना वाटल, मीच केला."

"आणि तुम्हाला काही झालं तर तिला काय वाटेल?"

"ता पन वाटल," ते म्हणाले. "दोन्ही वाटल. पन माझे माथ्यावरचा येक पाप तरी कमी व्हईल." आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्याशी वाद घालणं कठीण झालं होतं. पूर्वी ते चिडायचे, तेव्हा सोपं होतं.

कमळाताई इतका वेळ कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. सून म्हणून त्या घरात आल्यापासून तिनं आत्यासमोर कधी मत दिलं नव्हतं. देऊन उपयोग नसतो, हे तिनं पहिल्याच वर्षी ताडलं होतं. सुपावरची मान वर न करता ती म्हणाली, "गावदेवी पालखीन बसून फिरते, तवा गाव सोरून गेली असा कोन बोलत न्हाय. मंग दगराला काय झाला? शिवेचा दगर गारीन घाला. दगर पुरं, हे मागं. दगर वलांडला न्हाय, म्हंजी शीव वलांडली न्हाय."

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं पदर सावरला, पानाचा डबा उघडला, बंद केला. तिच्या तोंडून 'हो' येणं शक्य नव्हतं, पण अटी येऊ लागल्या, म्हणजे झालंच. दगड शिवेबाहेरच्या जमिनीला टेकायचा नाही. दगडाचं तोंड पुढे. वाटेत केसरीनाथ दगडाच्या पुढे एक पाऊलही जायचा नाही. आणि ती स्वतः बरोबर येणार.

"हॉस्पिटलात काय करायचं? दगड ऑपरेशनच्या खोलीत नेऊ देणार नाहीत," मी म्हणालो.

"ता तुमी बघा. शिकलंव कशाला?"

दगड कुठे आहे ते भावोजींच्या मुलाला, देवेशला माहीत होतं. तो त्याच गोदामांना टेम्पो पुरवतो. आम्ही दोघं तिथे गेलो. पत्र्याच्या एकसारख्या शेडांची रांग, मधे धूळ, आणि एका फाटकाशी ट्रक मागे घेताना चाकाला अडसर म्हणून आमच्या गावाची शीव पडलेली. एका अंगाला शेंदराचा डाग अजून होता. बाकी ग्रीस.

वॉचमन जौनपूरचा होता. त्यानं देवेशला सलाम केला आणि दगडाचं ऐकून कपाळाला हात लावला. "देवेशभाई, ये मत ले जाओ. यही एक पत्थर है जो खिसकता नहीं. बाकी सब ट्रक के साथ चले जाते हैं."

"चाचा, दो हफ्ते में वापस. पप्पांचं ऑपरेशन आहे."

"ऑपरेशन में पत्थर?"

"डॉक्टरने बोला है," देवेश म्हणाला. दलालाचा मुलगा.

गुरुवारचं ऑपरेशन, म्हणून बुधवारी निघालो. सुमोत पुढच्या सीटवर दगड, खाली तांदळाचं पोतं, वर हिरवं खणाचं कापड. दगडाला पट्टा लावला होता, कारण मानकोली नाक्यावर पोलीस असतात. मागे भावोजी, आत्या, कमळाताई. कमळाताईही देवकाला बसलेली होती, म्हणून तीही दगडाच्या मागे. सर्वांत मागच्या आडव्या बाकावर मी, रिपोर्टांची पिशवी घेऊन. ठाणं आल्यावर भावोजी म्हणाले, "आयला, गावाची शीव आता ठान्यापोतूर आली. आज जमीन ईकाची व्हती." आणि पोट धरून थोडं हसले. हसताना त्यांना दुखत होतं.

हॉस्पिटलात मला शिकल्याचं सार्थक करावं लागलं. वॉर्ड चौथ्या मजल्यावर, खिडकी समुद्राच्या बाजूला. मी देवेशला सुमो इमारतीला वळसा घालून पार पलीकडच्या भिंतीशी लावायला सांगितली. म्हणजे अंजूरहून मोजत आलं तर आधी भावोजींचा पलंग येतो आणि मग दगड. शीव भावोजींच्या पुढे राहिली. आत्यानं खिडकीतून खाली पाहिलं, हातानं अंतर घेतलं आणि मान हलवली. अर्थशास्त्रात मी इतकं उपयोगी काही कधी केलेलं नाही.

पार्किंगच्या माणसानं रात्रीची गाडी हलवायला लावली तेव्हा देवेशनं ती हातभर आणखी समुद्राकडे सरकवली. आत्या गाडीतच झोपली, दगडाच्या मागच्या सीटवर.

गुरुवारी दुपारी डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली, केस चिकटलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं. कमळाताई न बोलावता शेजारी येऊन उभी राहिली.

"गाठ काढली. भोवतीचा यकृताचा भागही काढला. त्यांनी नीट सहन केलं."

"आवरण?" मी विचारलं.

त्यांनी टोपीनं कपाळ पुसलं. "तीन बाजूंनी उत्तम होतं. एका बाजूला, मागच्या अंगाला, विरलं होतं. कसर लागलेलं कापड असतं ना, तसं. भोक पडलं होतं असं म्हणणार नाही. पण नव्हतं, असंही म्हणणार नाही. तुकडा तपासायला दिलाय. तिथे एन्झाईम किती ते मोजू."

"म्हंजी वेलेवर आलो का उशिरा?" कमळाताईनं विचारलं.

"आठवडाभर थांबला असता तर उशीर असं नक्की म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आज मला नक्की म्हणता येत नाही. दोन-चार पेशी निसटल्या असल्या तर त्या आत्ता दिसत नाहीत. दिसायला लागतील तेव्हाच दिसतील."

कमळाताईनं मान डोलावली आणि डबा घ्यायला खाली गेली. आत्याला काय सांगायचं ते तिनं जिन्यात ठरवलं असणार. आत्यानं दगडाला नारळ फोडला. गाडीतच, डॅशबोर्डवर आपटून. पाणी खाली सांडू दिलं नाही.

भावोजी हळदीच्या आदल्या दिवशी घरी आले. दगड पुढे होताच, पण परतीच्या वाटेवर आता त्यानं मागे असायला हवं, असं माझं म्हणणं पडलं. आत्या म्हणाली, मास्तर, तुमी गप बसा. हळदीला डीजे वाजला, बोकड-कोंबडं सगळं आदल्या पिढीसारखं झालं नाही अशी कुरकुर झाली, आणि तरी पहाटेपर्यंत मटण पुरलं. भावोजी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. नातलग येऊन त्यांच्या गालाला हळद लावायचे आणि पोटाकडे बघायचे. ते प्रत्येकाला एकच सांगत होते, "अ‍ॅपेंडिक्स व्हता." ठकुबाईला उचलून मांडवात आणली होती. तिनं मटणातली नळी चोखली आणि नवरा काळा आहे म्हणाली. लग्न लागलं. दिपाली रडली. भावोजी रडले नाहीत, टाक्यांना ताण बसतो म्हणून.

लग्नानंतरच्या सोळा दिवसांची सगळी आवराआवर झाल्यावर आत्यानं आठवण केली, की दगड अजून अंगणात आहे. शीव अंगणात ठेवून चालत नाही. मग घराबाहेर पडणं म्हणजे गावाबाहेर पडणं. तोवर भावोजी पहिली तपासणी करून आले होते. फोटोत काही दिसलं नव्हतं. "दिसत नाही म्हणजे नाही असं नाही," डॉक्टर म्हणाले होते. विरलेल्या जागेचा रिपोर्टही आला होता: एन्झाईम पुष्कळ. दर तीन महिन्यांनी या, म्हणाले.

"आमी पन शेजारच्याला असाच सांगाचो," भावोजी घरी येताना म्हणाले. "सध्या काय प्लान न्हाय."

दगड परत न्यायला भावोजी स्वतः आले. आत्यानंच पाठवलं, दगड ज्यानं उपटला त्यानं मूळ जागी लावावा, असं तिचं म्हणणं. ते सुमोतून उतरले, काठी टेकत शेडांच्या मधे गेले. सगळ्या शेड सारख्या. एका जागी थांबले, म्हणाले, "इथं." मग मागे वळून पाहिलं. "न्हाय. तिकरं चिंच व्हती." चिंच नव्हती. पुढच्या शेडपाशी गेले. तिथे काठीनं जमीन ठोकली. सिमेंट होतं. तिथून आणखी पुढे गेले, आणि मग नुसतेच उभे राहिले. मी आणि देवेश दगड धरून मागे. दगड जड होता आणि त्याला जमिनीला टेकवायचं नाही हे आमच्या अंगवळणी पडलं होतं.

"आठवत नाही का, पप्पा?" देवेश म्हणाला.

"मीच त सपाट केला," भावोजी म्हणाले. "आठवल कशाना."

वॉचमन जवळ आला. मधल्या काळात त्यानं दुसरा एक दगड आणला होता, तो ट्रकच्या धक्क्यानं घसरून गेला होता आणि फाटकाचा खांब वाकला होता. "सेठ, आ गया ना पत्थर? किधर रखूँ?"

भावोजींनी वाकलेल्या खांबाकडे पाहिलं. एक ट्रक मागे येत होता, भोंगा वाजवत, क्लीनर शेपटाला हात मारत. भावोजींचा एक हात पोटाच्या उजव्या अंगाला होता. तो हल्ली तिथेच असतो.

"जिथं गारी थांबाला पायजे, तिथं ठेव," ते म्हणाले.

आम्ही दगड चाकाच्या वाटेत ठेवला. शेंदराची बाजू बाहेर. ट्रक हळूहळू मागे आला, दगडाला टेकला आणि थांबला. भावोजी थोडा वेळ बघत राहिले, चाक आणखी मागे सरकतंय का ते. सरकलं नाही. मग आम्ही सुमोत बसलो.